हाताशी नसलेली दुर्बीण

१६ ऑगस्ट २०२० च्या सकाळी, भारतीय वेळेनुसार साडेनऊच्या सुमारास, एक लघुग्रह दक्षिण हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीने निघून गेला. आकाराने तो तीन ते सहा मीटरच होता. पृथ्वीवर न आदळता इतक्या जवळून गेलेला लघुग्रह तोवर कुणी नोंदलेला नव्हता. तो पुढे सरकल्यावर सहा तासांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या एका सर्वेक्षण दुर्बिणीने आकाशाचा फोटो घेतला आणि त्यात एक बारीक रेघ उमटली. ती रेघ म्हणजे लघुग्रह आहे हे ओळखणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी होते, कुणाल देशमुख आणि कृती शर्मा. एक धातुशास्त्र अभियांत्रिकीचा, दुसरी यंत्र अभियांत्रिकीची. खगोलशास्त्र हा दोघांचाही पदवीचा विषय नव्हता. दुर्बीण अर्ध्या जगापलीकडे होती आणि तिच्याजवळ डोळा लावून कुणीही बसलेले नव्हते.

या घटनेची बातमी झाली ती लघुग्रह किती जवळून गेला याची. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. आकाशाचा वेध घेण्यासाठी दुर्बिणीच्या शेजारी असावे लागते, ही अट आता उरलेली नाही. आयआयटीच्या विद्यार्थ्याला जे करता आले ते परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाजवळच्या शाळेतल्या मुलीला का करता येऊ नये? निदान आता अंतर हे कारण सांगता येणार नाही.

डोळ्याने पाहण्याची दुर्बीण आणि संशोधनाची दुर्बीण यांच्यात फारकत होऊन शंभर वर्षे उलटून गेली. आधी काचेच्या छायापट्ट्या आल्या, मग इलेक्ट्रॉनिक कॅमेरे. कॅमेरा मिनिटामागून मिनिटे प्रकाश साठवत राहतो, डोळ्याला ते जमत नाही. एकदा नेत्रिकेच्या जागी कॅमेरा बसला की फोटो कॅमेऱ्याशेजारच्या पडद्यावर पाहिला काय आणि हजार किलोमीटरवरच्या पडद्यावर पाहिला काय, तारा तोच. दुर्बीण वळवणारी मोटार, प्रकाशाच्या गाळण्या (फिल्टर) बदलणारी चकती, घुमट उघडणारा दरवाजा हे सगळे विजेवर आणि संगणकाच्या आज्ञेवर चालते. आज्ञा तारेतून पाठवली की झाली दूरसंचालित वेधशाळा.

आपल्याकडे याचे मोठे उदाहरण लडाखमधल्या हानले येथे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय तारा भौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण २००१ पासून काम करते. तिथे हवा विरळ आहे, थंडी हाडे गोठवणारी. खगोलशास्त्रज्ञ रात्रभर तिथे बसत नाहीत. ते बसतात बंगळूरजवळच्या होसकोटे येथे आणि उपग्रहाच्या दुव्यावरून हानलेची दुर्बीण चालवतात. कुठला तारा, किती वेळ, कोणती गाळणी, हे माणूस ठरवतो आणि दुर्बीण दूरवर ते पार पाडते.

त्याच डोंगरावर २०१८ मध्ये एक वेगळ्या जातीची दुर्बीण उभी राहिली. ग्रोथ-इंडिया तिचे नाव, आरसा फक्त सत्तर सेंटीमीटरचा. ती आयआयटी मुंबई आणि भारतीय तारा भौतिकी संस्था यांनी मिळून उभारली. मुंबईकडून वरुण भालेराव आणि बंगळूरकडून जी. सी. अनुपमा यांनी या कामाचे नेतृत्व केले. ही दुर्बीण नुसती दूरसंचालित नाही, स्वयंचलित आहे. त्या रात्री काय काय पाहायचे याची यादी तिला आधी दिलेली असते. कोणता तारा आता पुरेसा उंच आहे, चंद्र कुठे आहे, कुठले काम तातडीचे आहे, हा हिशेब करून पुढचे लक्ष्य तीच निवडते. रात्री दोन वाजता जगातल्या कुठल्यातरी उपग्रहाने स्फोटाची सूचना दिली तर माणूस जागा होईपर्यंत थांबावे लागत नाही. हे सारे चालवणारे संगणकीय कार्यक्रम लिहिण्यात आणि रोजची निरीक्षणे पाहण्यात आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. संशोधनाची दुर्बीण हीच इथे शिकण्याची जागा झाली आहे.

अशी दुर्बीण वळवल्यावर ती नेमकी कुठे पाहते आहे हे तिला कसे कळते? मोटारींनी सांगितलेल्या कोनावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ती आधी एक झटपट फोटो घेते, त्यातले ठळक तारे शोधते, तीन-चार ताऱ्यांच्या गटांनी बनणारे आकार मोजते आणि ताऱ्यांच्या सूचीतल्या आकारांशी जुळवून पाहते. आकार जुळला की फोटोच्या मध्यभागाचे स्थान अंशाच्या अगदी बारीक भागापर्यंत कळते. चूक असेल तेवढी दुर्बीण सरकते आणि पुन्हा फोटो घेते. नक्षत्रे ओळखताना आपणही आकारच जुळवत असतो. तेच काम यंत्र काही सेकंदांत करते. शाळेत हा भाग शिकवला तर भूमितीतले समरूप त्रिकोण कशाला, हा प्रश्न कुठलेही मूल पुन्हा विचारणार नाही असे मला वाटते.

येलदरीचा विचार करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. धरणापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा होण्याआधी हा सगळा परभणीचाच मुलूख होता. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारे लेझर किरण, आणि त्या किरणांच्या प्रवासात पडणारा अणूच्या गाभ्याहूनही लहान फरक मोजणे, असे तिचे काम.

ही वेधशाळा आकाश पाहत नाही. दूरवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की अवकाशाला बसणारा हेलकावा ती टिपते. पण तो आला कुठून, हे एकट्या वेधशाळेला नीट सांगता येत नाही. दोन, तीन, चार ठिकाणी तो किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोचला यावरून दिशा काढावी लागते. म्हणून अमेरिका आणि युरोपपासून लांब असलेली मराठवाड्यातली जागा जगाला हवी आहे. दिशा ढोबळपणे कळली की प्रकाशाच्या दुर्बिणींची धावपळ सुरू होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी असा संकेत आला आणि साधारण अकरा तासांत चिलीमधल्या एका दुर्बिणीने सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत त्या टकरीचा उजेड शोधून काढला. हानलेची ग्रोथ-इंडिया ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा भाग आहे, ते असाच मावळता उजेड पकडण्यासाठी विणलेले आहे. दुधाळ्याचे यंत्र उद्या हानलेच्या दुर्बिणीला हाक देईल. त्या हाकेचा अर्थ समजणारी मुले जिंतूर, औंढा, सेनगावच्या शाळांत असावीत, एवढी अपेक्षा करणे अवाजवी नाही.

शिक्षणासाठी मुद्दाम उभारलेल्या दूरसंचालित दुर्बिणी जगात तीन दशकांपासून आहेत. हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या मायक्रोऑब्झर्व्हेटरी प्रकल्पातल्या दुर्बिणींचा आरसा फक्त सहा इंचांचा. संकेतस्थळावर जायचे, वस्तू निवडायची, किती वेळ प्रकाश साठवायचा ते सांगायचे. रात्री फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी ईमेलने हाती येतो. ब्रिटनच्या फॉक्स प्रकल्पाने हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात दोन-दोन मीटरच्या दुर्बिणी शाळांसाठी खुल्या केल्या. शाळकरी मुलांच्या हाती एवढा मोठा आरसा द्यायचा, ही कल्पनाच धाडसाची. आज त्या दोन्ही दुर्बिणी लास कुंब्रेस वेधशाळेच्या जाळ्यात आहेत. हे जाळे हवाई, टेक्सास, चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, टेनेरिफ आणि इस्रायल अशा सात ठिकाणी पसरलेले आहे. त्यांपैकी कुठेतरी रात्र असतेच.

ग्रामीण शाळेसाठी या शेवटच्या वाक्यात फार मोठी सोय दडली आहे. आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवायचा तर मुलांना रात्री बोलवावे लागते. मुली येऊ शकत नाहीत, लांबच्या वाड्या-तांड्यांवरची मुले येऊ शकत नाहीत, शिक्षक तालुक्याच्या गावी राहत असतात. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा हवाईत आदल्या तारखेचे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सकाळी साडेअकराला चिलीत मध्यरात्र उलटलेली असते. विज्ञानाच्या तासाला, मधली सुट्टी होण्याआधी, खरेखुरे रात्रीचे आकाश वर्गात आणता येते. पृथ्वी गोल आहे आणि फिरते हे पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि भर दुपारी पडद्यावर तारे पाहताना बाहेर रणरणते ऊन असणे वेगळे.

यात एक धोका मात्र आहे. मुलांनी तेजोमेघाचे नाव टाईप करायचे, रंगीत फोटो मागवायचा, भिंतीवर चिकटवायचा, एवढ्यावर थांबले तर दूरसंचालित वेधशाळेने काहीच साधले नाही. त्याहून सुंदर फोटो हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींनी काढलेले आहेत आणि ते फुकट मिळतात. दूरच्या दुर्बिणीची खरी देणगी म्हणजे निवडण्याचा अधिकार. कुठे पाहायचे, कधी, किती वेळ, आणि का, हे मुलाने ठरवायचे; चुकले तर कोऱ्या किंवा जळालेल्या फोटोतून ते त्याला कळायचे; मग हाती आलेल्या आकड्यांतून काहीतरी मोजायचे. मोजमाप नसेल तर वेधशाळा हा शब्द वापरूच नये, इतके माझे मत ठाम आहे.

लघुग्रह शोधण्याचा एक उपक्रम या कसोटीला उतरतो. अमेरिकेतल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून चालणारा आंतरराष्ट्रीय खगोल शोध सहयोग हा प्रकल्प हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने काढलेले फोटो जगभरच्या शाळांना विनामूल्य देतो. भारतातल्या अनेक शाळांनी त्यात भाग घेतला आहे. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो असतात. ते एकामागून एक दाखवले की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरळ रेषेत सरकतो. त्याची जागा आणि तेज मोजायचे, गती एकसारखी आहे का ते तपासायचे, तो आधीच माहीत असलेला लघुग्रह आहे का ते पाहायचे आणि मग अहवाल पाठवायचा. बहुतेक ठिपके खोटे निघतात. कॅमेऱ्यातला दोष, वैश्विक किरणाचा फटका. खोटे ओळखून नाकारायला शिकणे हाच त्या कामाचा मोठा भाग. खरा निघालाच तर त्याची कक्षा पक्की होऊन त्याला क्रमांक मिळायला अनेक वर्षे लागतात. सातवीतली मुलगी तोवर पदवीधर झालेली असेल.

आता येलदरीच्याच आकाशाकडे वळू. इथले अक्षांश उत्तर १९.७ अंश. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर. दक्षिणेकडे अगस्ती चांगला सतरा-अठरा अंश वर चढतो, लंडन-पॅरिसच्या खगोलप्रेमींना तो कधीच दिसत नाही. स्वातीचा तारा तर इथे जवळपास डोक्यावरून जातो. मे महिना संपताना रात्री दहाच्या सुमारास मान पूर्ण मागे टाकावी, स्वाती तिथेच. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत कमी जाडीतून येतो, म्हणून अचूक मोजमापासाठी अशी वस्तू सर्वांत सोयीची.

याच न्यायाने येलदरीसाठी मी एक तारा निवडीन. जंबुक नावाच्या अंधूक तारकासमूहात एचडी १८९७३३ हा तारा आहे, आपल्यापासून सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातले अक्षांश, जवळपास उत्तर २२.७ अंश, म्हणजे तोही येलदरीच्या डोक्याजवळून जातो. ऑक्टोबरच्या मध्यात, पाऊस संपून आकाश धुतलेले असताना, अंधार पडता पडताच तो माथ्यावर असतो. तेज ७.७ प्रत, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण साध्या द्विनेत्रीतून दिसतो. या ताऱ्याभोवती गुरूएवढा एक ग्रह दर २.२ दिवसांनी फेरी मारतो. २००५ मध्ये त्याचा शोध लागला. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा सुमारे पावणेदोन तास ताऱ्याचा प्रकाश जवळजवळ अडीच टक्क्यांनी कमी होतो. ग्रह दिसत नाही, दिसणारही नाही. शंभराचे साडेसत्त्याण्णव होतात तेवढाच त्याचा पुरावा.

अडीच टक्के घट आठ इंची दुर्बिणीने मोजता येते, पण त्यासाठी काही युक्त्या शिकाव्या लागतात. पहिली युक्ती ऐकून मुले चकित होतात: फोटो मुद्दाम थोडा अस्पष्ट काढायचा. तारा काटेकोर फोकसमध्ये असेल तर सगळा प्रकाश कॅमेऱ्याच्या दोन-चार घरांत (पिक्सेलांत) कोंबला जातो, ती भरून वाहतात आणि हिशेब बिघडतो. थोडा पसरवला की शेकडो घरांत वाटला जातो आणि प्रत्येक घराचा बारीक दोष सरासरीत विरून जातो. दुसरी युक्ती तुलनेची. विरळ ढगाचा पापुद्रा आला तर ताऱ्याचा प्रकाश कमी होणारच. म्हणून त्याच फोटोतल्या शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी त्याचे गुणोत्तर काढायचे. ढगाने सगळेच मंद होतात, ग्रहाने एकटाच. तिसरी म्हणजे कोऱ्या, काळ्या आणि एकसारख्या उजळ पार्श्वभूमीच्या फोटोंनी कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष दूर करणे. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

बक्षीस मात्र त्याच फोटोत मिळते. या ताऱ्यापासून अवघ्या पाव अंशावर डंबेल तेजोमेघ आहे, मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेले वायूचे कवच. ज्यांना देखणे चित्र हवे त्यांना ते मिळेल, ज्यांना आलेख काढायचा त्यांना आलेख.

समजा अशी एक लहान दूरसंचालित दुर्बीण खुद्द येलदरी परिसरातल्या माळावर बसवायची ठरली. काय काय लागेल? इथे आकाशापेक्षा जमिनीचा विचार आधी करावा लागतो. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर उभा केलेला खांब वर्षभरात कलतो. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचे एक घर आकाशात साधारण पाऊण विकलेएवढे, म्हणजे एका अंशाच्या सुमारे अठ्ठेचाळीसशेव्या भागाएवढे असते. एवढ्या नाजूक कामात खांबाचा सूक्ष्म कलसुद्धा जाणवतो. म्हणून काळी माती काढून मुरमापर्यंत, जमल्यास खालच्या काळ्या दगडापर्यंत जाऊन खांबाचा पाया घ्यायला हवा आणि खोलीची फरशी त्या खांबाला कुठेही टेकता कामा नये. नाहीतर कुणी खोलीत चालले की तारे नाचतील.

बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. युरोपात तो पन्नास अंशांनी उभा असतो, इथे वीसच अंश, जवळपास आडवा. काही बैठका इतक्या खाली झुकतच नाहीत. खरेदीआधी हे पाहिले नाही तर पेटीतून यंत्र काढल्यावर कळते.

धरणाच्या पाण्यामुळे हिवाळ्यात पहाटे दव पडणार. दव आरशावर किंवा भिंगावर बसले की रात्र संपली, म्हणून कडेने मंद उष्णता देणारी पट्टी लावावी लागते. छप्पर सरकते असेल तर पावसाची चाहूल देणारा संवेदक आणि आकाशाचे तापमान मोजून ढग ओळखणारा संवेदक हवा. ढग निरभ्र आकाशापेक्षा उबदार असतो, अवरक्त तापमापीला तो फरक लगेच कळतो. मात्र संवेदकाने कितीही आधी सांगितले तरी त्याच क्षणी लाईट गेली तर छप्पर बंद कोण करणार? येलदरीच्या धरणावर साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे, तरी गावातली लाईट जायची ती जातेच. म्हणून छपराच्या मोटारीला स्वतःची बॅटरी हवी, आणि नियम एकच: वीज गेली, नेट गेले, संगणक अडला, काहीही झाले तर विचारणा न करता छप्पर मिटायचे. दूरसंचालित वेधशाळेची खरी परीक्षा ती उघडण्यात नसून वेळेवर मिटण्यात असते.

उरला नेटचा प्रश्न. आजकालच्या चांगल्या कॅमेऱ्याचा एक फोटो अडीच कोटींहून अधिक घरांचा, सुमारे ५२ एमबीचा. अर्ध्या मिनिटाला एक या वेगाने तीन तासांत सुमारे साडेतीनशे फोटो, म्हणजे अठरा जीबीहून अधिक. सेकंदाला पाच मेगाबिट वर पाठवणाऱ्या मोबाईल नेटवर एकच फोटो जायला ८० सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे फोटो निघतात त्याहून हळू ते पोचतात आणि रांग वाढत जाते. उपाय साधा आहे. मोजणी तिथल्याच संगणकावर करायची, शाळेत पाठवायचे ते आकडे आणि छोटी चित्रे. मूळ फोटो हार्ड डिस्कवर भरून दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणायचे. ग्रामपंचायतीपर्यंत पोचवलेले भारतनेटचे फायबर नीट चालू असेल तर तेवढीही यातायात नको.

या सगळ्याहून अवघड एक गोष्ट आहे, अंधार टिकवणे. गावात हायमास्ट दिवा लागणे हे विकासाचे चिन्ह मानले जाते आणि त्यात गैर काही नाही. रात्री शेतावरून परतणाऱ्याला उजेड हवाच. पण वर आणि आडवा जाणारा उजेड कुणाच्याच उपयोगाचा नसतो. दिव्यावर झाकण बसवले, त्याचे तोंड खाली केले, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा घेतला तर रस्ता तेवढाच उजळतो आणि आकाश वाचते. महाराष्ट्रात हे करून दाखवलेले आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून स्थान मिळाले, त्यासाठी परिसरातल्या गावांचे दिवे बदलले गेले. हानलेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू २०२२ मध्ये अंधाराचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि तिथल्या गावकऱ्यांनाच दुर्बिणी व प्रशिक्षण देऊन पाहुण्यांना आकाश दाखवण्याचे काम सोपवले गेले. त्या गावकऱ्यांना त्यातून उत्पन्न मिळते, म्हणून अंधार राखणे त्यांच्या हिताचे झाले आहे. येलदरीला धरण पाहायला लोक येतातच, त्यांना रात्रीचे आकाशही दाखवता येईल.

मराठवाड्याला वेधशाळेचा वारसा नाही असे कुणी म्हणू नये. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा राज्याची निजामिया वेधशाळा हैदराबादेत होती, नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापलेली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रित नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेत दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा तिने उचलला आणि काचेच्या पट्ट्यांवरच्या लाखो ताऱ्यांच्या जागा माणसांनी हाताने मोजून छापल्या. त्या पट्ट्यातले तारे येलदरीच्या दक्षिण आकाशात अर्ध्या उंचीवरून रोज जातात. आता तसल्या मोजणीला पडदा आणि माऊस पुरतो, पण मोजणाऱ्याची चिकाटी तीच लागते.

आणि मोजायला शिकवणारा शिक्षक लागतो. दुर्बीण विकत आणणे, छप्पर बसवणे हा भाग एका वर्षात उरकता येतो. फोटोतला ठिपका तारा आहे की दोष, हे शांतपणे मुलांना विचारत राहणारा शिक्षक तयार व्हायला त्याहून जास्त वेळ जातो. जिल्ह्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून आपला एक-एक विज्ञान शिक्षक या कामासाठी दिला तर दुर्बिणीची वाट पाहायची गरजच नाही. पालोमारच्या ज्या सर्वेक्षणात २०२० चा तो लघुग्रह सापडला, त्याचे बरेच फोटो आता सर्वांसाठी खुले आहेत. जूनमध्ये शाळा भरते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत आकाश ढगांत असते. ते चार महिने जुन्या फोटोंवर हात बसवायला पुरेसे आहेत: पहिल्या महिन्यात तारे ओळखणे, दुसऱ्यात एका ताऱ्याची दुसऱ्याशी तुलना, तिसऱ्यात ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे अशा एखाद्या रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्याचा आलेख काढून पडताळणे. चौथ्या महिन्यात दूरच्या एखाद्या दुर्बिणीवर वेळ मागण्याचा अर्ज लिहायचा, तोही मुलांनीच. एचडी १८९७३३ चा ग्रह दर २.२ दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो, पण प्रत्येक वेळी भारतात रात्र नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या कुठल्या संध्याकाळी ते घडेल याचे वेळापत्रक आधीच काढून वर्गाच्या भिंतीवर लावता येते. हे गणित आठवीच्या मुलाला जमण्यासारखे आहे.